नदीकाठी थांबलेला खेळ

साल २००१. शेजारच्या पोरीच्या गेमची कॅसेट एका रात्रीत सगळा खेळ विसरली, आणि इकडे कपडे शिवणाऱ्या बाईचा जीव टांगणीला लागला. तसलीच एक कॅसेट तिच्या शिलाई मशीनच्या खणात होती.

दुपारी ती घड्याळजीच्या दुकानात गेली.

"भाऊ, शेजारच्या कॅसेटला काय झालं होतं हो?"

"पोरीला आधी वाटलं, खालच्या तांब्याच्या पट्ट्या मळल्यात. खोडरबराने घासल्या, स्पिरिटने पुसल्या. छे! आत घड्याळासारखा सेल असतो वहिनी. तो मेला की कॅसेटच्या काही लक्षात राहत नाही."

तिने पदराआडून हातात मावणारा गेम आणि त्यातली कॅसेट काढली. "ही नऊ-दहा वर्षांची आहे. हिचा सेल बदला. पण आतला खेळ पुसला जाता कामा नये."

पाच वर्षांपूर्वी मुलगा बापाशी भांडून घर सोडून गेला होता. पत्र नाही, फोन नाही. खेळातला इवलासा माणूस मात्र त्याने सोडला तिथेच, नदीकाठी उभा होता. डोक्यावर मुलाचं लाडकं नाव. नवरा ड्यूटीवर गेला की ती गेम सुरू करायची, त्याला डोळे भरून बघायची आणि बंद करायची. एक बटण जास्तीचं दाबायची नाही.

नवरा रेल्वेत गार्ड. "त्या कार्ट्याचं नाव या घरात निघता कामा नये," असं त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. म्हणून सगळा कारभार चोरून. मशीनचा करकरणारा खणही अलीकडे मुकाट उघडू लागला होता, तेवढंच बरं.

"यांना कळू देऊ नका," ती म्हणाली.

"माझ्या दुकानातलं बाहेर जात नाही. हवं तर गार्डसाहेबांनाच विचारा."

"त्यांनाच विचारू?" तिला हसू आलं.

घड्याळजीची एक सवय होती. जे उघडेल त्याच्या झाकणात आतून तारीख कोरायची आणि खाली गिऱ्हाइकाची खूण. पोस्टमनला पाकीट, मास्तरांना खडू. तिच्या नवऱ्याच्या घड्याळात झेंडी होती.

"नावं विसरतो मी. धंदे नाही विसरत."

"मग मला काय?"

"सुई. आणखी काय?" त्याने भिंग डोळ्याला लावलं. "बाहेर बाकावर बसा. जुना काढायच्या आत दुसऱ्या सेलची तार जोडावी लागते, नाहीतर खेळ गेलाच. तासभर जाईल."

त्याने झाकण उघडलं. आत बघत तो जरा थांबला. मग मान खाली घालून कामाला लागला.

पाचच मिनिटांत त्याने हाक मारली. तिने तिथेच गेम सुरू करून बघितला; नदीकाठचा माणूस जागच्या जागी होता.

"तास लागणार होता ना?"

"हात बसलाय आता. सहा-सात वर्षं काळजी नको."

"पैसे?"

"राहू द्या. एक पँट आखूड करून द्या माझी. नेसल्यासारखी वाटते."

पुढे शेजारची पोर लग्न होऊन दूर गेली. गार्ड २००९ साली वारला. शेवटपर्यंत मुलाचं नाव त्याने तोंडातून काढलं नाही. वर्षभराने घड्याळजीने दुकान बंद केलं आणि तो बहिणीकडे राहायला गेला.

मुलगा २०१२ साली परत आला. आईने गेम त्याच्या हातात दिला. त्याने तो सुरू केला; नदीकाठचा माणूस तिथेच उभा होता.

"आई, सेल इतकी वर्षं टिकत नाही गं."

"घड्याळजी भाऊंनी बदलला होता. एकदाच. कॅसेट उघडून बघ, सुई कोरलेली असेल."

त्याने झाकण उघडलं. आत एकाखाली एक तीन तारखा होत्या. मधली २००१ ची, तिच्याखाली सुई. वरची २००० ची, शेवटची २००७ ची. त्या दोन्हींखाली झेंडी होती.