कपाळावरचा डाग

फिंटननं दोन बोटांचं पिस्तूल करून विल्बर्टच्या गुडघ्याला लावलं आणि तोंडानं आवाज काढला, "ठो!"

लोर्ना हसली. तिचा बाप हसला नाही. तो विटांच्या भिंतीला पाठ लावून उभा होता, कारण फिंटननंच त्याला तसं उभं केलं होतं. गोष्ट रंगवायची तर मेलेला माणूस समोर हवाच, असं या टॅक्सीवाल्याचं म्हणणं. इथले कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांना गोळ्या घालत होते त्या काळात हा तरुणपणी बंदुकीपायी अकरा वर्षं तुरुंगात काढून आलेला. आता बेलफास्टच्या त्याच गल्ल्या पर्यटकांना दाखवून पोट भरत होता. खून असा चवीनं सांगायचा, की जणू कालच्या फुटबॉल सामन्याची हकीकत.

सकाळपासून लोर्ना बापाला शहर दाखवत होती. म्हणजे त्याचंच शहर त्याला. गोदी झाली, नगरभवनाचा घुमट झाला, कललेला घड्याळाचा मनोरा झाला. चाळीस वर्षांपूर्वी तो इथून इंग्लंडला गेला, तो पुन्हा फिरकला नव्हता. तिनं त्याला ओढून आणलं होतं. जूनमध्ये तिचं डेक्लनशी लग्न होतं. डेक्लन कॅथलिक, ही माणसं प्रोटेस्टंट. फेब्रुवारीत डेक्लन तिला मागणी घालायला दारात आला, तर विल्बर्टनं ना नमस्कार ना चमत्कार, ठोसा मारून त्याचं नाक फोडलं. पायरीवरचं रक्त लोर्नानं स्वतः धुतलं होतं. आता मुलीचा हात धरून तिला वेदीपर्यंत नेणार की नाही, एवढंच तिला बापाकडून ऐकायचं होतं, आणि तेही आजच, त्याच्या गावात, त्याचं मन जरा मऊ झालेलं असताना. नाही म्हणाला, तर तिच्या लेखी बाप मेला.

"तर मालक, तुम्ही ट्रेव्हर," फिंटन सांगू लागला. "एकवीस वर्षांचा. गॅरेजमध्ये मोटारी दुरुस्त करणारा. आणि दिवस कुठला? राखेचा बुधवार! आम्ही कॅथलिक सकाळी चर्चमध्ये जातो, पाद्री आमच्या कपाळावर राखेचा क्रूस काढतो. तो आम्ही दिवसभर धूत नाही. म्हणजे त्या दिवशी बंदूकवाल्यांना नाव विचारायचीसुद्धा तसदी नाही. कपाळ बघा आणि उडवा!"

लोर्नाचं हसू मावळलं. फेब्रुवारीत डेक्लन आला तो राखेचाच बुधवार होता. चर्चमधून तो तसाच, कपाळावरच्या राखेसकट आला होता.

"हा ट्रेव्हर गॅरेजमधून बाहेर पडला," फिंटन रंगात आला होता. "कपाळावर काळं. तीन प्रोटेस्टंट पोरं गाडीतून उतरली. केस धरून याला या भिंतीशी फरफटत आणलं. बुटांनी दात पाडले. पहिली गोळी गुडघ्यात. दुसरी इथं." त्यानं बोटं विल्बर्टच्या पोटात खुपसली. "ठो! आतडी हातात धरून बसला होता म्हणे. आता खरी गंमत ऐक पोरी. ती राख नव्हतीच! गाडीखालचं ग्रीस! मेला तोही प्रोटेस्टंटच! मारणारे तिघं आजतागायत सापडले नाहीत. लाजेनं कुठं तोंड लपवून बसलेत कोण जाणे. आणि तिसरी गोळी..."

बोटं विल्बर्टच्या कपाळाला टेकली.

विल्बर्टनं ती मुठीत धरली आणि उलटी मोडली. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. फिंटन किंचाळत खाली बसला. विल्बर्टनं त्याच्या तोंडावर लाथ घातली, मग दुसरी घातली. एकसष्ट वर्षांचा, संधिवातानं जिना चढताना कण्हणारा माणूस, पण लाथ बसत होती ती बरोबर तोंडावर. लोर्ना मागून त्याच्या कोटाला लोंबकळली तेव्हा कुठं तो थांबला. फिंटनच्या हनुवटीवरून रक्त सदऱ्यावर गळत होतं.

"म्हातारं पिसाळलंय तुझं!" फिंटन दाताचा तुकडा थुंकत ओरडला. "थांब, पोलिसांनाच बोलावतो!"

"बोलवा! खुशाल बोलवा!" लोर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ती बापाकडे वळली. "तेव्हा डेक्लनचं नाक, आज याची बोटं! कॅथलिक दिसला की हात शिवशिवतात तुझे! किती विष भरलंय रे तुझ्यात, बाबा? मला उत्तर मिळालं. येऊ नकोस लग्नाला. दारातसुद्धा उभा राहू नकोस."

विल्बर्ट भिंतीकडे पाहत होता. तिला त्याचा आणखीच संताप आला. लागेल असं काहीतरी बोलायला तिची जीभ वळवळत होती.

"आणि कुणासाठी ही मारामारी? त्या तुमच्या ट्रेव्हरसाठी? ग्रीस होतं ना कपाळावर? मग पुसून दाखवायचं होतं त्या बावळटानं! जीव तरी वाचला असता!"

विल्बर्टनं मान वळवून मुलीकडे पाहिलं. त्याचे डोळे वाहत होते, आणि ते पुसायचं त्याच्या ध्यानातच नव्हतं.

"दाखवलं त्यानं," तो म्हणाला. "थुंकी लावून बाहीनं रगडलं. कातडं लाल झालं तरी निघेना. राख असती तर निघाली असती, पोरी. पण आम्हा तिघांपैकी एकालाही तेव्हा ते सुचलं नाही."