वर्गात वाचून दाखवावे

तुम्ही एका पोरीचे कान काढून घेतलेत, आणि वर त्याला संरक्षण म्हणता.

सकाळी वर्गात थेमेलिनाने टॅब उघडला तर पडदा कोरा. एव्दोकियाबाईंचे ओठ हलत होते, पण खाली अक्षरं उमटत नव्हती. थेमेलिनाचे कान लहानपणीच तापात गेले. बाई बोलतील ते टॅबवर लिहून यायचं, म्हणून तर ती ग्रीसमधल्या या बेटावरच्या शाळेत, आईजवळ राहून शिकत होती. नाहीतर बहिऱ्या मुलांची शाळा अथेन्सला. रात्रभर बोटीत बसायचं आणि आईला नाताळात भेटायचं.

बाईंनी टॅब हातात घेतला. कोपऱ्यात बारीक ओळ होती : वय तेरापेक्षा कमी, सेवा बंद.

पोर बारा वर्षांची. खरी जन्मतारीख बाईंनीच भरली होती, स्वतःच्या हाताने.

"खोटी टाकायची की, बाई!" मागून मिके ओरडला. "माझ्या गेममध्ये मी एक्केचाळीस वर्षांचा आहे."

"तरीच टक्कल पडायला लागलंय!" दुसरं कुणी म्हणालं.

वर्ग खिदळला. थेमेलिना हसणारे चेहरे बघून सवयीने बाईंच्या हातातल्या टॅबकडे वळली, विनोद वाचायला.

बाईंनी तिथल्या तिथे शिक्षण खात्याच्या वरच्या कचेरीला फोन लावला.

"अहो, पण ती ऐकणार कशाने?"

"नवा नियम मुलांच्या भल्यासाठीच आहे, बाई. वयाला अपवाद नाही. पत्रक पाठवलंय, ते तेवढं वर्गात वाचून दाखवा."

भलं म्हणे! याच बेटावर ईस्टरच्या सणाला धमाके उडवायला एवढी एवढी पोरं डोंगरावर चढून सुरुंगाची वात पेटवतात. बाप शेजारी उभा राहून काडी पुरवतो. वय कुणी विचारत नाही. तो धमाका तेवढा थेमेलिनाला छातीत कळतो. बाकी सगळं जग तिला वाचावं लागतं.

बाईंनी पत्रक छापून आणलं, तोंडासमोर धरलं आणि वाचलं. मुलांचं संरक्षण. मुलांची सुरक्षितता. मुलांचं भवितव्य. वाचता वाचता एकेक मान थेमेलिनाकडे वळली. मिकेचीसुद्धा. एकेक मान थेमेलिनाकडे वळली.

ती उभी राहिली. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ती नेहमीच फार मोठ्याने बोलायची.

"सगळे माझ्याकडे का बघतायत? बाई, काय वाचलंत?"

बाईंनी खडू उचलला, फळ्याकडे वळल्या. खडू टेकला, एक पांढरा ठिपका उमटला, आणि हात तिथेच थांबला. लिहिणार काय? पाठीमागे पोर पुन्हा विचारत होती, आणखी मोठ्याने.

पत्रक पाठवणाऱ्यांनो, तुम्हाला तर ऐकू येतं ना? मग द्या उत्तर.