समासातली पेन्सिल

"वहीत लिहून ठेवलं होतंत तुम्ही?" चहाला हातही न लावता मालूवहिनींनी विचारलं. त्यांच्या लेकीला लहानपणी फिट यायची, हे त्यांनी फक्त मला सांगितलं होतं.

माझं वधूवर केंद्र आहे. अशा नाजूक गोष्टी मी समासात पेन्सिलीनं लिहिते, म्हणजे समंजस घरंच सुचवता येतात. गेल्या महिन्यात भाचीच्या आग्रहानं वहीच्या पानांचे फोटो स्थळं जुळवणाऱ्या एका एआय अ‍ॅपला दिले. अटींची लांबलचक यादी आली तेव्हा गॅसवर फोडणी करपत होती. न वाचताच 'मान्य' दाबलं. अ‍ॅप भलतंच हुशार. माझं गिचमिड अक्षर वाचून त्यानं समासासकट सगळं अकरा स्थळांना धाडलं. काल कळल्यावर पुसायला गेले, तर उत्तर आलं, 'आपण मान्य केल्याप्रमाणे माहिती जतन राहील.'

"मुलाच्या आईनं फोनवर विचारलं, अजून येते का फिट? लेक शेजारीच बसली होती हो." वहिनींनी डोळे टिपले. "तुमची वही कुणीतरी चाळली असणार. तुम्ही नाही सांगायच्या. ते पान तेवढं द्या मला."

मी पान फाडून दिलं. त्यांनी नीट चार घड्या केल्या, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून चेन लावली आणि निवलेला चहा पिऊन टाकला.

"आता कुठे नाही ना?"

"नाही," मी म्हणाले आणि टेबलावरचा मोबाईल पालथा घातला.