एका बोटाने

आमच्या सरकारी शाळेत नववीतच व्यवसायाची शाखा निवडावी लागते. बांधकाम शाखेने वर्षभर खपून मैदानात उभारलेले घर आज ट्रेलरवरून नेऊन गावाबाहेर बांधलेल्या पायावर ठेवले. दार ज्याने बसवले त्यानेच ते एका बोटाने उघडायचे, ही प्रथा; वाटेत सांगाडा तिरका झाला असेल तर दार अडते आणि घर नापास होते.

"मारिबेल, नव्या मालकांसाठी खिडकीला शिडी लावून ठेव गं!" शुश्रूषा शाखेचा डस्टिन ओरडला.

"अडलं तर तुझ्याच डोक्यानं उघडते, थांब!"

दार तिनेच बसवले होते. तिने बोट टेकवले. दार निःशब्द उघडले.

वर्षभर चिखलाच्या बुटांनी त्या घरात वावरलेले बांधकाम शाखेचे लुसेरो सर उंबरठ्याशी थांबले. त्यांनी बूट काढले आणि उघड्या दारावर हळूच टकटक केली.