पणदऱ्याचा एडका

"धर की नीट," गेणबा बायकोवर खेकसला. एडका हिसडे देत होता, आणि कुशाबाई त्याची शिंगं धरून बसली होती. त्याच्या पाठीवर गेणबा दुसऱ्याच एडक्याचं ओलं कातडं सुतळीनं बांधत होता.

कातडं त्यांच्याच जुन्या एडक्याचं. दिसायला ओंगळ, एक शिंग मोडलेलं, पण मेंढ्या त्याच्यावर जीव टाकायच्या. गेणबाच्या डोळ्यांत मात्र पणदऱ्याचा हा टकरीचा एडका भरला. काय ती शिंगं, काय ती छाती. जुना देऊन त्यानं हा आणला. तिकडं जुन्याचं मटण झालं. हितं मेंढ्या माजावर आल्या, नव्याला हुंगून लांब झाल्या. शिंगं बघतो माणूस. मेंढीला वास लागतो, आणि हा तर साबणानं न्हाऊन वाढलेला.

त्यांच्या गावात, कळंबात, दुसरा एडका उरला नव्हता. भावकीनं मेंढरं मोडून ऊस लावला होता. गेणबाच्या लेकानं, भीमानं, सांगूनच टाकलं होतं, "औंदा कोकरं न्हाय झाली तर समदी खाटकाला देणार." भीमा बोलला की करायचाच.

म्हणून गेणबानं पणदऱ्याला जाऊन कातडं मागून आणलं. मेंढीचं कोकरू मेलं की त्याचं कातडं पोरक्या कोकरावर घालतात. मेंढी फसते, पाजते.

"कोकराची गोष्ट येगळी. ह्यो टकरीचा गडी हाय," कुशाबाई म्हणाली.

"मग तूच सांग, काय करू." गेणबाला रडूच आलं.

गाठ मारून त्यानं एडका सोडला. मेंढ्यांनी नाकं वर केली. एक आली, मग दुसरी, मग सगळ्याच. शेपट्या हलवत एडक्याभोवती गोळा झाल्या. गेणबाचे हात आपसूक जोडले गेले.

मग तो वास एडक्यालाही लागला. त्यानं पायानं माती उकरली, मान खाली घातली आणि गर्रकन मागं वळला. मागं कुणीच नव्हतं. तो पुन्हा वळला.

"अवं, त्याला मेंढ्या दिसंनात का?"

"दिसत्यात," गेणबा म्हणाला. "आदी गडी लोळवायचाय त्याला."

मेंढ्या तशाच उभ्या राहिल्या. मधोमध तो देखणा एडका आपल्याच पाठीवरच्या एडक्याला धडक द्यायला गरागरा फिरत राहिला.