आयता मासा

राष्ट्रीय उद्यानांतून तंबू ठोकत चाललेली बापलेकीची सहल दादाच्या दारात संपणार होती आणि बाबांना तिथेच कायमचं सोडायचं होतं. हे त्यांना सांगायला लेकीची जीभ रेटत नव्हती. निदान त्यांची मासेमारीची हौस तरी पुरवावी, म्हणून बाबा पलीकडच्या काठावरची हरणं पाहण्यात गुंगले असताना तिने बाजारातून आणलेला मासा त्यांच्या गळाला अडकवून हळूच तळ्यात सोडला. "बाबा, अहो ओढा, काहीतरी लागलंय!" बाबांनी मासा वर घेतला, उलटापालटा केला, चिरलेल्या पोटात बोट घालून पाहिलं. "भलताच गुणी निघाला. खवले काढून, पोट साफ करूनच आलाय," बाबा म्हणाले. लेक ओशाळली. "आता चार दिवसांच्या सहलीला माझे हिवाळ्याचे सगळे कपडे कशाला भरलेस, तेही सांगून टाक." सुरी घेऊन ती साफ केलेला मासा पुन्हा साफ करत बसली.