पाठीवरचा ड्रॅगन

जपानी कार्टून सिनेमांतले प्राणी पाठीवर रेशमाने भरलेली जॅकेटं जमवायचा पायलला भारी नाद. बोटीवर नोकरीला असलेला मामा तिकडून आणायचा. तिला बघायला पाहुणे येणार म्हटल्यावर आईने ती सगळी पलंगाच्या पेटीत कोंबली.

"हे असलं भडक काही दिसलं, तर चांगलं स्थळ हातचं जाईल!"

ऐन डिसेंबरात सकाळच्या गाडीने इगतपुरीहून नाशिकला आलेल्या मुलाच्या आई, आक्काबाई, सोफ्यावर कुडकुडत बसल्या होत्या. पायलला राहवेना. आईने डोळे वटारले, तरी तिने लाल ड्रॅगनचं जॅकेट काढून त्यांच्या अंगावर चढवलं.

आक्काबाई उठल्या, कपाटाच्या आरशात पाठ वळवून वळवून बघत राहिल्या. मग वळून म्हणाल्या,

 

"मुलगी पसंत आहे. आणि विहीणबाई, मानपानाची साडी राहू द्या, मला हेच द्या!"